हॅलो न म्हणता फोन कसा करतात?

गेल्या वर्षी माझ्या मावसभावाचं डेबिट कार्ड ब्लॉक झालं. तो डोंबिवलीला राहतो, एका प्रेसमध्ये डिझाइनचं काम करतो आणि जन्मापासून बधिर आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये बरंच शोधल्यावर एकच वाट सापडली : 'आमच्या प्रतिनिधीशी बोला.' म्हणून तो माझ्याकडे आला आणि मी फोन लावला.

"मॅडम, कार्ड ज्यांच्या नावावर आहे त्या सरांना लाइनवर द्या."

"त्यांना ऐकू येत नाही. ते माझ्या शेजारीच बसलेत, तुम्ही विचारा, मी त्यांना सांगते."

"ओके मॅडम, पण व्हेरिफिकेशनला सरांचाच आवाज लागतो."

"अहो, ते बधिर आहेत."

"समजलं मॅडम. फक्त सरांना त्यांची जन्मतारीख बोलायला सांगा."

भाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याने मोबाइलवर टाइप केलं : 'ताई, काय म्हणतो?' मी लिहिलं : 'तुझा आवाज पाहिजे म्हणतोय.' तो इतका हसला की पलीकडच्या माणसाला त्याचा आवाज तेवढा नक्की ऐकू गेला असेल. व्हेरिफिकेशन मात्र झालं नाही.

त्या मुलाचा राग आला नाही. समोरच्या स्क्रीनवर जे लिहिलं होतं ते तो वाचत होता. पण तेव्हापासून मी हा विषय खोदत बसले. बधिर माणसासाठी आज भरपूर तंत्रज्ञान आहे, तरी तो अडकतो, आणि बहुतेक वेळा कानामुळे नाही. कुठेतरी कुणीतरी 'फोन करा' हा एकच दरवाजा ठेवलेला असतो, तिथे अडकतो.

आधी शब्दांचं बघू. सरकारी कागदावर 'कर्णबधिर' असतं, बोलताना लोक सर्रास 'मूकबधिर' म्हणतात. यातला 'मूक' अनेक बधिरांना खटकतो, आणि बरोबरच आहे. बहुतेकांचा गळा शाबूत असतो, आणि हातांनी तर ते तासन्‌तास गप्पा मारतात. शिवाय 'बधिर' म्हणजे एकच गट नव्हे. साठीनंतर ऐकू कमी झालेले आजोबा, लहानपणीच कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) बसवलेली मुलगी आणि माझ्या भावासारखा खुणांच्या भाषेत वाढलेला माणूस, या तिघांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. आजोबांना आवाज मोठा आणि स्वच्छ हवा. ब्लूटूथवाली कानाची मशीन आली तेव्हापासून त्यांचं बऱ्यापैकी भागतं. खरा पेच भावासारख्यांचा आहे, म्हणून इथे मुख्यतः त्यांच्याबद्दल.

टेलिफोनचं पेटंट १८७६ मध्ये ज्याने मिळवलं त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई बधिर होती आणि बायकोही. तो स्वतः बधिर मुलांचा शिक्षक होता. आणि त्याच्याच यंत्राने बधिरांना कामधंद्यातून बाजूला सारलं, कारण त्याआधी दूरचा निरोप चिठ्ठीने किंवा तारेने जायचा. चिठ्ठी बधिराला वाचता येते, टेलिफोन ऐकता येत नाही. बेल खुणांच्या भाषेच्याही विरोधात होता. मुलांनी ओठ वाचून तोंडानेच बोलावं, हा त्याचा आग्रह. बधिर समाजात त्याच्याबद्दल आजही फारसं गोड बोललं जात नाही.

टेलिफोनवरून बधिरांना बोलता यायला १९६४ साल उजाडलं. म्हणजे ८८ वर्षं. ती वाट काढली तीही बधिर माणसांनीच. कॅलिफोर्नियात रॉबर्ट वाइटब्रेख्ट नावाचा बधिर भौतिकशास्त्रज्ञ होता. दातांचे डॉक्टर असलेले जेम्स मार्स्टर्स हेही बधिर. त्यांना टेलिफोनवरून बोलायचं होतं. तार कंपन्या तेव्हा जुने टेलिप्रिंटर भंगारात काढत होत्या. तारेवरून आलेली अक्षरं छापणारी, कपाटाएवढी, धडधडणारी यंत्रं. ती फोनच्या तारेला थेट जोडायला टेलिफोन कंपनीची परवानगी नव्हती. वाइटब्रेख्टने मग यंत्र तारेला जोडलंच नाही. त्याने रबराच्या दोन वाट्या असलेली एक पेटी केली. टेलिफोनचा रिसीव्हर उचलून त्या वाट्यांमध्ये आडवा ठेवायचा. तुम्ही अक्षर दाबलं की पेटी दोन वेगवेगळ्या सुरांत पिपाणीसारखं वाजते. एक सूर म्हणजे शून्य, दुसरा म्हणजे एक. पाच सुरांचं एक अक्षर. पलीकडच्या पेटीला ते सूर 'ऐकू' येतात आणि तिथला टेलिप्रिंटर तेच अक्षर छापतो. टेलिफोन कंपनीच्या दृष्टीने दोन माणसं बोलतायत, इतकंच. इंटरनेटच्या सुरुवातीच्या दिवसांत मोडेम जे कर्कश ओरडायचा, त्याचाच हा थोरला भाऊ.

वेग मिनिटाला साधारण ६० शब्द. दोघांनी एकदम टाइप केलं तर अक्षरांची खिचडी व्हायची. म्हणून आपलं संपलं की 'जीए' लिहायचं, म्हणजे 'गो अहेड', आता तू बोल. फोन ठेवायचा असेल तर 'एसके'. 'जीए' म्हणजे आपल्या वायरलेसवर पोलीस 'ओव्हर' म्हणतात तसंच.

पण दोन्हीकडे यंत्र असेल तरच हे चालणार. किराणावाल्याकडे किंवा दवाखान्यात ते कुठून येणार? मग मध्ये माणूस बसवला. बधिर माणूस टाइप करतो, ऑपरेटर ते वाचून समोरच्याला बोलून दाखवतो, समोरच्याचं बोलणं पुन्हा टाइप करतो. याला रिले म्हणतात. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने हे फोन कंपन्यांवर बंधनकारक केलं आणि १९९३ पासून ते देशभर, चोवीस तास सुरू झालं. खर्च सगळ्याच ग्राहकांच्या बिलात थोडा थोडा विभागला जातो. पुढे इंटरनेट वेगवान झाल्यावर ऑपरेटरच्या जागी खुणांच्या भाषेचा दुभाषी आला. बधिर माणूस व्हिडिओवर खुणा करतो, दुभाषी त्या बघून फोनवर बोलतो. पिझ्झा मागवा, नाहीतर बँकेत भांडा. बँकेला दुभाष्याचा आवाज म्हणजेच ग्राहकाचा आवाज मानावा लागतो. आमच्या फोनवर नेमकं हेच अडलं. आपल्याकडे दुभाषी आहेत, काही खासगी अ‍ॅपही आहेत. पण फोन कंपन्यांच्या वर्गणीवर चालणारा असा देशव्यापी रिले नाही. आपल्याकडचा रिले म्हणजे बहीण.

भारतात ती रबरी वाट्यांची पेटी जवळपास कुणी पाहिलीच नाही. ज्या काळात साध्या लँडलाइनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा, तिथे ही चैन कुठली! आपले बधिर लोक थेट एसएमएसवर उतरले. एसएमएस काही त्यांच्यासाठी केलेला नव्हता, पण त्यांना तो हातात बसवल्यासारखा बसला. समोरच्याकडेही तोच मोबाइल, मध्ये कुणी नको, 'जीए'सुद्धा नको. मुंबईत २००९ मध्ये मिरॅकल कुरिअर्स ही कंपनी सुरू झाली. पाकिटं पोचवणारी मुलं बधिर, आणि ऑफिसशी सगळा व्यवहार एसएमएसवर.

आता एक गोष्ट आठवा. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाइलवरून पसरल्या. बेंगळुरू आणि पुण्याहून माणसं घाबरून गाड्या भरभरून निघाली. सरकारने अफवा रोखायला एसएमएसवर बंधन घातलं : एका सिमवरून दिवसाला फक्त पाच. काही दिवसांनी ते वीस केले आणि महिनाअखेर बंधन उठलं. तुम्हाआम्हाला तेव्हा फार तर शुभेच्छा पाठवता आल्या नसतील. बधिर माणसाच्या बाबतीत याचा अर्थ असा : दिवसभरात पाच वाक्यं बोला आणि गप्प बसा. त्याला 'मग फोन कर ना' ही सोय नव्हतीच. सणावाराला एसएमएसचं पॅक चालायचं नाही आणि एकेका मेसेजला पैसे पडायचे, तेही याच जातीचं. दिवाळीला भाऊ मोजून मेसेज करायचा आणि आम्ही त्याला कंजूस म्हणायचो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि खरा बदल घडला. तोवर भाऊ मोबाइलवर लिहायचा, म्हणजे मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत. आता व्हिडिओ कॉलवर तो स्वतःच्या भाषेत बोलायला लागला. हा फरक मला कळायला बराच वेळ लागला.

भावाची ही खुणांची भाषा, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा, ही हातांनी लिहिलेली मराठी किंवा हिंदी नव्हे. तिला तिचं व्याकरण आहे. क्रियापद शेवटी येतं, तिथवर मराठीशी जुळतं. प्रश्नाचा शब्दही शेवटी : 'गाडी वेळ काय'. पण पुढचं सगळं वेगळं. 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास?' या दोन वाक्यांत हात तेच राहतात, बदलतात भुवया. कोण कुणाला काय देतं हे हाताच्या दिशेवरून कळतं. चेहरा झाकला तर अर्धं व्याकरण गेलं. करोनात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा बधिरांची काय गत झाली असेल, विचार करा.

ज्याची पहिली भाषा ही आहे, त्याला मराठी ही दुसरी भाषा, आणि तीही कधी न ऐकलेली. आपण 'घरात', 'घरून', 'घरापाशी', 'घरावरून' ही रूपं कुणी शिकवायच्या आधी कानाने उचललेली असतात. त्याला एकेक रूप पाठ करावं लागलं. म्हणून त्याचा मेसेज येतो : 'ताई मी उद्या घर येतो मावशी भेट.' त्याचा अर्थ समजायला मला काहीच अडचण येत नाही, पण याच माणसासमोर 'उपरोक्त नमूद बाबींच्या अनुषंगाने सदर अर्जदाराने' असं वाक्य असलेली सरकारी वेबसाइट ठेवा. (ते वाक्य ऐकू येणाऱ्यांनाही कळत नाही, तो वेगळा लेख.) थोडक्यात, 'सगळं लिहून ठेवलंय की' म्हटलं म्हणजे बधिरांची सोय झाली असं होत नाही. म्हणून खुणांच्या भाषेतले व्हिडिओ लागतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश काढला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. शब्दकोश ही सुरुवात झाली. 'अर्ज भरा' या पानावर तसा व्हिडिओ मात्र अजून क्वचितच दिसतो.

व्हिडिओ कॉलची स्वतःची गंमत आहे. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेले फोटो. तुम्हीआम्ही बोलताना समोरचा थोडा अडखळत दिसला तरी बिघडत नाही, आवाज येतोय ना! खुणांमध्ये बोटं इतकी झरझर फिरतात की सेकंदाला बाराच्या खाली फोटो गेले तर नुसता धूर दिसतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९९ मध्येच सांगून ठेवलं होतं की सांकेतिक भाषेसाठी सेकंदाला वीस तरी फ्रेम, म्हणजे असे फोटो, हवेत. पण रेंज कमी झाली की आपली अ‍ॅप्स काय करतात? आधी चित्राचा बळी देतात आणि आवाज वाचवतात. 'नेटवर्क कमजोर आहे, व्हिडिओ बंद केला आहे.' बधिर माणसासाठी हे म्हणजे बुडणाऱ्या बोटीतून माणसं फेकून सामान वाचवण्यासारखं. आवाज फेका ना, तो कुणाला हवाय!

मीटिंगमध्ये आणखी एक मजा. जो आवाज करेल त्याची चौकट मोठी होते. भाऊ हात हलवून हलवून थकला तरी तो कोपऱ्यातल्या टिकलीएवढ्या चौकटीतच राहणार, आणि कुणाचा कुकर शिट्टी मारेल त्याचं स्वयंपाकघर सगळ्यांच्या स्क्रीनभर दिसणार. मुख्य मीटिंग अ‍ॅप्सनी आता दुभाष्याची चौकट मोठी आणि कायम ठेवायची सोय दिली आहे, पण ती सुरू करावी लागते, आणि कुणाच्या लक्षात नसते. तुमच्या मीटिंगमध्ये बधिर सहकारी असेल तर त्याची आणि दुभाष्याची चौकट पिन करा, आणि खिडकीकडे पाठ करून बसू नका. पाठीमागून उजेड आला की तुमचा चेहरा काळा दिसतो.

हा चौकटीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील दुभाष्यामार्फत ऑनलाइन सुनावणीत बाजू मांडायला उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या नियंत्रण कक्षाने आधी दुभाष्याला स्क्रीनवर जागा द्यायलाच नकार दिला. दुभाषी दिसला नाही तर वकिलाला सुनावणी कळणार कशी? सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी परवानगी दिली तेव्हा ती चौकट उघडली.

दुसरी वाट म्हणजे आवाजाचं अक्षर करणं. ओठ वाचणं यावर लोकांचा फार भरवसा असतो, म्हणून एक प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता म्हणा : पान, भान, मान. ओठ एकसारखेच हलले ना? 'भात', 'पाट' आणि 'माठ' यांचंही तेच. अशा वेळी बधिर माणूस संदर्भावरून अंदाज करत असतो, आणि दिवसभर अंदाज करून तो संध्याकाळी पार दमतो.

कॅप्शन ही त्यावरची तोड. सबटायटल्स फक्त बोललेलं देतात, कॅप्शनमध्ये 'दार आपटल्याचा आवाज' हेही असतं, नाहीतर नट अचानक दचकला का ते कळणार नाही. यूट्यूबवर २००९ मध्ये आपोआप उमटणारी कॅप्शन आली, त्यामागे गूगलमधला केन हॅरेनस्टिएन हा बधिर इंजिनीअर होता. २०१९ मध्ये लाइव्ह ट्रान्सक्राइब आलं, त्यातही दिमित्री कानेव्हस्की या बधिर संशोधकाचा मोठा वाटा. ही अ‍ॅप्स काय करतात? आवाजाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकडा कोणत्या अक्षरासारखा वाटतो याचा अंदाज बांधतात, मग त्या अक्षरांमधून कोणता शब्द बनण्याची शक्यता जास्त ते ठरवतात. म्हणजे मशीनही ओठ वाचणाऱ्या भावासारखंच, अंदाजपंचे. ज्या भाषेतलं बोलणं त्याने जास्त ऐकलंय तिथे अंदाज बरा, कमी ऐकलंय तिथे कच्चा. आमच्याकडच्या मुंजीला भावाने पानाशेजारी फोन उभा करून ठेवला होता. काका म्हणाले, "आमटी वाढा." फोनवर उमटलं : 'आमची वाट'. भावाने गंभीरपणे पुढचे दोन शब्द स्वतः टाइप केले : 'लागली का?'

एकेकट्याशी, शांत खोलीत, हे अ‍ॅप उत्तम चालतं. डॉक्टरसमोर ते टेबलावर ठेवलं की भावाला मला सोबत न्यावं लागत नाही, आणि स्वतःच्या पोटाच्या तक्रारी बहिणीसमोर सांगाव्या लागत नाहीत. पण पंगतीत, नाहीतर प्लॅटफॉर्मवर, त्याचा काही उपयोग नाही. कोण बोललं तेही कळत नाही.

आणि ते हातमोजे! दर वर्षी कुठल्या ना कुठल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात खुणांचं बोलण्यात रूपांतर करणारा हातमोजा असतो, पेपरात फोटो येतो. व्याकरण भुवयांत आहे आणि तुम्ही सेन्सर बोटांना लावलेत! शिवाय मोजा कुणी घालायचा? बधिरानेच. समोरच्याला समजावं म्हणून सगळी खटपट त्यानेच करायची. त्या मुलांनी एकदा एखाद्या बधिर माणसाला 'तुला काय पाहिजे' एवढं विचारलं असतं तर तो कदाचित म्हणाला असता, ओटीपी फोनवर वाचून दाखवू नका, मेसेज करा.

कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माध्यमांना कॅप्शन आणि सांकेतिक भाषेचं बंधन आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. प्रकरण मुळात बँकांच्या ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं होतं. 'डोळे मिचकावा' अशी अट पुरी न करता येणाऱ्या अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडित आणि एक अंध याचिकाकर्ता न्यायालयात गेले होते. अट डोळे मिचकावायची असो की जन्मतारीख बोलून दाखवायची, जात तीच.

भावाच्या कार्डाचं पुढे काय झालं? तो शाखेत गेला, कागदावर लिहून दिलं, बाईंनी वाचलं आणि दहा मिनिटांत कार्ड सुरू झालं. त्या खरंच भल्या. पुन्हा असा त्रास नको म्हणून त्यांनी त्याच्या खात्यात 'संपर्क' या रकान्यात माझा नंबर टाकला. आता त्याच्या नावाने पर्सनल लोनचे फोन मला येतात, आठवड्यातून दोनदा. परवा मी म्हटलं, सरांना ऐकू येत नाही, मेसेज करा. "ओके मॅडम," ती मुलगी म्हणाली, "मग सर फ्री असतील तेव्हा किती वाजता कॉल करू?"